सरतापे अण्णांचं बेलीविक

माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी सरतापे अण्णांनी माझ्या हातात एक किल्ली ठेवली आणि तिच्याबरोबर एक इंग्रजी शब्द. किल्ली नकाशांच्या लोखंडी कपाटाची होती. शब्द होता बेलीविक.

“बाई, हे कपाट आजपासनं तुमचं बेलीविक,” ते म्हणाले.

मी फलटणची. बी.ए. करून, इंग्रजीत बरे मार्क घेऊन आले होते, त्यामुळं अंगात थोडा तोरा होता. हा शब्द मात्र मी बापजन्मात ऐकला नव्हता. माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागातल्या मोजणीच्या कचेरीत, पँटीला सायकलची क्लिप लावलेला एक सर्व्हेअर मला इंग्रजी शिकवणार, हे मला काही झेपेना. मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं, “म्हणजे काय?”

“पूर्वी इंग्लंडात बेलीफ असायचा. त्याचा शब्द जेवढ्या मुलखात चालायचा, तेवढं त्याचं बेलीविक. आता हे कपाट बघा. साहेबानं जरी नकाशा मागितला तरी रजिस्टरात सही झाल्याबिगर द्यायचा न्हाई. तारीख, नाव, नकाशा नंबर आणि कारण. कारण लिहिलं नसंल तर मलासुद्धा न्हाई.”

एवढं बोलून ते स्वतःच रजिस्टरावर वाकले, एक नकाशा मागितला, आणि कारणाच्या रकान्यात ‘पडताळणी’ असं सुवाच्य अक्षरात लिहून माझ्याकडं बघत उभे राहिले. मी नकाशा काढून दिला. माझ्या बेलीविकमधला तो पहिला व्यवहार.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. आमची कचेरी म्हणजे तीन खोल्या आणि एक व्हरांडा. व्हरांड्यात बांधाच्या भांडणांची माणसं सकाळपासून बसलेली असायची. आत नकला देणारी मी, दोन कारकून, साखळी धरणारा पांडबा, एकामागून एक बदलून जाणारे साहेब, आणि न बदलणारे सरतापे अण्णा. उंच, सडसडीत, काळेसावळे. पांढरा शर्ट रोज धुतलेला, खांद्याला खाकी झोळी, झोळीत भाकरी, पाण्याची बाटली आणि दोन पेन्सिली. दोन्ही पेन्सिली चाकूनं इतक्या बारीक तासलेल्या असत की त्यांच्या टोकाला हात लावायची आम्हाला भीती वाटायची.

ते मॅट्रिक झालेले. खात्यात साखळी धरायला लागले आणि वर चढत सर्व्हेअर झाले. तरुणपणी रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठ्यांच्या तळाशी त्यांना एक जाडजूड इंग्रजी कोश सापडला होता. कुणा गोऱ्या साहेबानं मागं टाकलेला, कव्हर गेलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या. साहेबांच्या परवानगीनं अण्णांनी तो कचेरीतच बसून वर्षानुवर्षं वाचला. पण वाचला तो मोजणीदारासारखा. फुलाफळांचे शब्द सोडले, देवाधर्माचे सोडले, आणि जिथं हद्द आली, अंमल आला, तेवढेच शब्द वेचून एका दोनशे पानी वहीत उतरवले. शायर, हंड्रेड, रायडिंग, वॅपनटेक, लिबर्टी, पेल. प्रत्येकापुढं अर्थ, आणि त्याच्यापुढं लाल शाईनं आखलेला तिसरा रकाना. त्याचं नाव ‘आपल्याकडे’.

तो तिसरा रकाना भरणं हा त्यांचा खरा छंद. हंड्रेड म्हणजे जिल्ह्याच्या पोटातला जुना विभाग, म्हणून पुढं ‘तर्फ’. रायडिंग म्हणजे एका मोठ्या प्रांताच्या तीन वाट्यांतला एक, म्हणून पुढं ‘तिजाई’. हा शब्द सापडला त्या दिवशी अण्णांनी सगळ्या कचेरीला भेळ दिली होती म्हणे. काही रकाने रिकामे होते. ‘पेल’ हा त्यातला एक. कुंपणाच्या आतला मुलूख, आतल्यांना राजाचा कायदा, बाहेरचे ते बाहेरचे, असा अर्थ त्यांनी लिहिला होता आणि पुढं काहीच नाही.

“याला आपल्याकडे शब्द सोपा आहे की अण्णा,” मी एकदा म्हणाले. “गावकूस.”

“बघू,” ते म्हणाले आणि वही मिटली. “अजून नीट सुचलं न्हाई.”

त्यांचं घर कुठं होतं, आई-वडिलांचं बालपण गावाच्या कुठल्या बाजूला गेलं, हे मला तोवर माहीत झालं होतं. सुचलं नाही यावर माझा विश्वास बसला नाही. पण मी तोंड आवरलं, आणि माझ्या स्वभावाला ते जड गेलं.

एरवी मात्र त्यांच्या जिभेवर हे शब्द खेळत असत. साहेबांची केबिन म्हणजे शायर, अख्खा जिल्हा. पांडबाचं स्टूल आणि घंटा म्हणजे हंड्रेड. लिबर्टी म्हणजे असा टापू जिथं राजाच्या शिपायालाही आत यायची मनाई. ती त्यांच्या मते एकच होती, त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, स्वयंपाकघर. मी एकदा हळदीकुंकवाला गेले होते तेव्हा अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहून मला हेच सांगत होते.

वहिनी आतून म्हणाल्या, “आवं, ती लिबर्टी ऱ्हाऊ द्या. दळण कवापासनं दारात पडलंय.”

अण्णा दळणाचा डबा उचलून गिरणीकडं निघून गेले. वहिनींनी मला सांगितलं, “माणूस लय चांगला हाय, पर घरात कुठं काय ठेवलंय ते इचारलं तर आधी ते कुणाच्या हद्दीत येतं ते सांगतो.”

मोजणीला गेले की त्यांच्या दोन पद्धती होत्या. पहिली अशी की कुठलीही रेघ ते दोनदा मोजत, एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. आणि दुसऱ्या खेपेला साखळीचं टोक पांडबाच्या हातात नसे. ज्याची तक्रार असेल, जो सगळ्यात जास्त ओरडत असेल, त्याच्या हातात ते देत. तेहतीस फुटांची ती साखळी, तिचे सोळा भाग, एकेका भागाला आणा म्हणायचं. भर उन्हात ती ताणून धरत माणूस शंभर पावलं चालला की त्याचा निम्मा राग घामातनं उतरतो, आणि आकडा त्यानं स्वतःच मोठ्यानं वाचलेला असतो, त्यामुळं नंतर त्याला नाही म्हणता येत नाही.

पांडबानं सांगितलेली एक गोष्ट. म्हसवडच्या अलीकडं एका गावात दोन भाऊ बांधावर काठ्या घेऊनच उभे. मोजणी झाली, रेघ ठरली, पण दोघंही हूं की चूं करीनात आणि काठ्याही खाली ठेवीनात. अण्णा मधोमध जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “इंग्लंडात एक मुलूख होता, वॅपनटेक म्हनायचे त्याला. का म्हनायचे? तर तितली मानसं पंचायतीला हत्यार घेऊन यायची, आन् निकाल पटला की हत्यार वर उचलून व्हय म्हनायची. तुमी आधीच उचललीयात. मग झालं की. आता फकस्त खाली ठेवायचं ऱ्हायलंय.” थोरला हसला. धाकटा हसायचा नव्हता, पण थोरल्याकडं बघून त्यालाही हसू आलं. पंचनाम्यावर दोघांच्या सह्या झाल्या.

दुसरी पद्धत म्हणजे चहा. अण्णा मोजणीच्या गावात कुणाच्या घरचं पाणीही पीत नसत. मोजणी व्हायच्या आधी नाही आणि झाल्यावरही नाही. झोळीतली भाकरी झाडाखाली बसून खायची, बाटलीतलं पाणी प्यायचं. खात्यात याचं फार कौतुक होतं. सरतापे म्हणजे लाख रुपयाचा माणूस, कुणाच्या चहाचाही मिंधा नाही, असं साहेब नव्या पोरांना सांगायचे. मलाही ते तसंच वाटे. मग एकदा बोलता बोलता अण्णा म्हणाले, “माझा बाप सांगायचा, त्याला पानी वरनं वतायचे. मी इचार केला, कुठल्या घरात कसला कप पुढं येतोय त्याची वाटच कशाला बघा. भाकरी आपली, पानी आपलं.” आणि लगेच मला विचारलं, “नकलेचा तो अर्ज झाला का?” त्यानंतर साहेब त्यांचं कौतुक करायला लागले की मला उगाच चुळबुळ व्हायची.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, कारण रजिस्टर माझ्या ताब्यात होतं. बोरजाई गावाच्या शिवेचा एक जुना नकाशा होता. कापडावर चिकटवलेला, गुंडाळी करून ठेवलेला. बोरजाई आमच्याकडं सातारा जिल्ह्यात, पलीकडं हिवरटेक सांगली जिल्ह्यात. एके काळी अलीकडं इंग्रज सरकार आणि पलीकडं संस्थान होतं, म्हणून ती शीव फार काटेकोर आखलेली. हा नकाशा कुणालाच लागत नसे. तरी वर्षा दोन वर्षांनी एकदा अण्णा तो मागत, टेबलावर उलगडून पाच मिनिटं बघत, परत गुंडाळून देत. मी मागची पानं चाळली. माझ्या आधीच्या बाईंच्या काळापासून नऊ वेळा. दर वेळी कारण, ‘पडताळणी’.

आणि मग एके दिवशी त्या नकाशाचं खरंच काम निघालं.

बोरजाईच्या माळावर एक वस्ती आहे, अगदी शिवेवर. तिथं अंगणवाडी मंजूर झाली. सेविका त्याच गावची रहिवासी हवी असा नियम. वस्तीवर दहावी झालेली बाई एकच, शेवंता. नवऱ्यानं टाकलेली, दोन मुली पदरात, वडिलांनी बांधलेल्या दोन खणांच्या घरात राहायची. तिचं नाव जवळजवळ ठरलं आणि गावातल्या दादासाहेबांनी हरकत घेतली. त्यांच्या सुनेचाही अर्ज होता. त्यांचं म्हणणं, शेवंताचं घर बोरजाईत नाहीच. शिवेपलीकडं, हिवरटेकच्या हद्दीत, म्हणजे सांगली जिल्ह्यात आहे. ती आमच्या गावची रहिवासीच नव्हे. प्रकरण फिरत फिरत आमच्याकडं मोजणीला आलं.

शेवंता स्वतः कचेरीत आली होती. डोक्यावरून पदर, हातात कागदांची पिशवी, आवाज खणखणीत. “सायब, माझ्या पोरी बोरजाईच्या शाळंत जात्यात. रेशन बोरजाईचं. मग मी सांगलीची कवा झाले?”

“ते तुमी म्हनून ठरत न्हाई आन् मी म्हनून बी न्हाई,” अण्णा म्हणाले. “रेघ म्हनंल ते.”

ती गेल्यावर मी विचारलं, “अण्णा, रेघ घरातनंच गेली तर?”

तेव्हा त्यांनी कोशातलं एक सांगितलं. इंग्लंडात दोन पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या दोन गावांच्या, हद्दीवर घर निघालं तर माणूस कुठं झोपतो ते बघायचे. अंथरूण ज्या हद्दीत, माणूस त्या हद्दीतला. हे सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. मला मात्र त्यात शेवंताच दिसत होती.

आता माझ्या हातून झालं ते सांगते. दुसऱ्या दिवशी शेवंता नकलेच्या अर्जावर सही करायला आली. मी तिला व्हरांड्याच्या कोपऱ्यात गाठलं आणि हळूच विचारलं, तुझी बाज कुठं असते? दाराजवळ, ती म्हणाली. चूल? आतल्या खणात, बोरजाईच्या अंगाला. मी म्हटलं, मोजणीच्या आधी बाज आत घे. ती हुशार बाई, जास्त काही विचारलं नाही. मला फार पुण्य केल्यासारखं वाटलं आणि त्या रात्री मी शांत झोपले.

मूळ नकाशा कचेरीबाहेर न्यायचा तर कपाटाची किल्ली ज्याच्याकडं त्यानं बरोबर जायचं, असा आमचा रिवाज. त्यामुळं मोजणीला मीही गेले. जीपमध्ये नकाशाची गुंडाळी मांडीवर घेऊन बसले होते.

माळावर दोन्ही गावची माणसं जमलेली. दादासाहेब पांढऱ्या टोपीत, बरोबर त्यांची चार माणसं. सांगलीकडून माने नावाचा तरणा सर्व्हेअर आलेला. हिवरटेकचे गणू आबा म्हणून ऐंशीच्या घरातले म्हातारे काठी टेकत आले होते. शेवंता दारात उभी होती, दोन्ही पोरींना चांगले फ्रॉक घातले होते.

शिवेचे दोन जुने दगड नकाशावर होते तिथंच सापडले, एक ओढ्याच्या काठाला, एक बाभळीखाली. अण्णांनी दोन्हींवर झेंडे लावले. पहिली मोजणी पांडबानं केली. दुसऱ्या खेपेला अण्णांनी साखळीचं टोक दादासाहेबांपुढं धरलं.

“मी?” दादासाहेब म्हणाले.

“तक्रार तुमची हाय न्हवं? चला.”

दादासाहेब धोतराचा सोगा खोचून चालले. आकडे त्यांनीच वाचले. रेघ थेट घरावर आली. अण्णांनी आणि मान्यांनी बाहेरून दोन्ही भिंतींवर खडूनं खुणा केल्या, कोपऱ्यापासून अंतरं घेतली, आणि आत त्याच अंतरांवर दोरी ताणली. आम्ही सगळे आत डोकावलो. दोरी घराच्या मधोमध होती. दार आणि बाहेरचा खण सांगलीत. आतला खण, चूल आणि पाण्याची भांडी साताऱ्यात. बाजही साताऱ्यात, चुलीला अगदी खेटून. इतकी खेटून की तिथं झोपलेल्या माणसाचे पाय पोळतील.

अण्णांनी बाजेकडं बघितलं. मग बाहेरच्या खणात गेले आणि खाली वाकले. शेणानं सारवलेल्या जमिनीत बाजेच्या खुरांचे चार खळगे होते, वर्षानुवर्षांचे.

“शेवंताबाई,” ते सरळ होत म्हणाले, “बाज जागंवर ठिवा.”

शेवंतानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तिनं आणि पांडबानं बाज उचलली आणि त्या चार खळग्यांत परत ठेवली. बाज सांगलीत गेली.

“लिहा माने,” अण्णा म्हणाले. “दार सांगलीत. बाज सांगलीत. चूल साताऱ्यात. आता मानसाचं काय करायचं? इंग्रजाचा जुना नियम असा, की मानूस झोपतो कुठं ते बघायचं.”

दादासाहेबांचं तोंड उजळलं. “मग झालं की. लिवा, सांगली.”

मला अण्णांचा असा राग आला की काय सांगू. या माणसानं आयुष्यभर ते मेले इंग्रजी शब्द गोळा केले ते एका बाईच्या पोटावर आणायला, असं माझ्या मनात आलं. शेवंतानं दोन्ही पोरींना जवळ ओढलं.

“थांबा,” अण्णा म्हणाले. “इंग्रजाचा नियम इंग्रजाच्या हद्दीला. ही हद्द कुनी घातली ते बघू. बाई, नकाशा उलगडा. डाव्या अंगाला खाली बारीक अक्षरात लिवलंय ते वाचा. मोठ्यानं वाचा.”

मी नकाशा शेवंताच्या बाजेवर पसरला. तो मी दोन-तीनदा काढून दिला होता, पण कोपऱ्यातलं ते कधी वाचलं नव्हतं. फिकट शाईत, वळणदार इंग्रजी. मी एकेक शब्द लावत मराठीत सांगितलं, “ही हद्द दोन्ही गावांच्या संमतीने बोरजाईचा सटवा महार याने डोक्यावर मातीचे ढेकूळ घेऊन चालून दाखवली. त्याच्या पावलांवर दगड रोवले.”

गणू आबांनी काठी आपटली. “सटवा? सटवाची रेघ हाय व्हय ही? आवं, माझा बाप सांगायचा की. ढेकूळ डोक्यावर घेतलं की त्यो खोटं चालायचा न्हाई. दोन्ही गावं त्याच्या मागनं जायाची. तवा बी एक घर असंच मदी आलं हुतं, आमच्याच भावकीचं. दोन्ही गावं भांडाय लागली. सटवानं एकच इचारलं, चूल कुठं हाय? चूल बोरजाईत निगाली. तवापासनं ती मानसं बोरजाईची. आज बी त्यांचं मतदान तिकडंच हाय. इचारा कुनाला बी.”

दादासाहेबांच्या माणसांतलाच एकजण पुटपुटला, “व्हय, आमचंच घर ते.”

“आबा, तुमी सांगलीची मानसं,” अण्णा म्हणाले. “तुमाला हे मान्य?”

“मान्य न्हाई तर काय. रेघ सटवाची तर कायदा बी सटवाचा.”

मान्यांनी लिहिलं. दोन्ही गावच्या पंचांचे जबाब झाले. दादासाहेब बराच वेळ सही करीनात. शेवटी साखळी आपणच धरली होती, आकडे आपणच वाचले होते आणि चुलीचा दाखला आपल्याच माणसाच्या घरचा निघाला, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी पेन घेतलं. सही करता करता विचारलं, “सरतापे, ह्यो सटवा कोन, तुमच्या माहितीतला?”

“माझा आजा,” अण्णा म्हणाले.

त्यांनी ते नातं त्या माळावर सगळ्यांसमोर सांगितलं आणि मग बाजेवरचा नकाशा गुंडाळायला लागले. नंतर मला त्यांनी सांगितलं, की त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा जुनी सगळी गावकामं टाकली आणि घरात सांगून ठेवलं, आजाच्या या कामाचा विषय काढायचा नाही. ती गुलामी होती. वडिलांचं खरंच होतं. गावच्या शिवेबद्दल ज्याचा शब्द शेवटचा, त्याला गावात राहायला जागा नव्हती. अण्णांनी वडिलांचा शब्द पाळला. फक्त खात्याला लागल्यावर एक दिवस हा नकाशा हातात आला, आणि त्यानंतर ते अधूनमधून तो बघत राहिले.

सगळे पांगायला लागले. शेवंतानं अण्णांच्या पाया पडायला हात पुढं केले, तर ते मागं सरले. मग कधी नव्हे ते त्यांनी चपला काढल्या, दोरी ओलांडून आतल्या खणात गेले आणि चुलीपुढं मांडी घालून बसले.

“शेवंताबाई,” ते म्हणाले, “च्या ठिवा.”

पांडबा माझ्याकडं बघायला लागला. मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. शेवंताच्या घरात कपबश्या तीनच होत्या, तिन्ही वेगवेगळ्या. त्यातली सोनेरी काठाची तिनं आधी पदरानं पुसली आणि अण्णांना त्यात चहा दिला. ते बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्यायले. साखर जास्त होती. आणखी आहे का, असं त्यांनी विचारलं.

येताना जीपमध्ये मी म्हटलं, “अण्णा, आबांनी चुलीचं काढलं नसतं तर?”

“तर तसंच लिवलं असतं,” ते म्हणाले. “आन् लय वाईट वाटलं असतं.” थोड्या वेळानं बाहेर बघतच म्हणाले, “आन् बाई, तुमचं बेलीविक कपाटापुरतं. बाजंपर्यंत न्हाई.”

मी लाल झाले. पुढं तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

शेवंता सेविका झाली. अंगणवाडीला जागा नव्हती म्हणून पहिलं वर्षभर ती तिच्याच घरात भरायची. पोरं सांगलीतनं आत यायची आणि साताऱ्यात बसून खिचडी खायची. मान्यांनी आपल्या कचेरीत हे इतक्या जणांना सांगितलं की सांगलीकडचे दोन साहेब खास ते घर बघायला आले होते.

तीनेक वर्षांनी अण्णा निवृत्त झाले. हार, नारळ, शाल, साहेबांचं भाषण. साहेबांनी कुणाच्या चहाचाही मिंधा नाही हे सांगितलं तेव्हा अण्णांनी आणि मी एकमेकांकडं बघितलं. कोश त्यांनी रेकॉर्ड रूममध्ये होता तिथं परत ठेवला. वही बरोबर नेली. ‘पेल’च्या पुढं शेवटी काही लिहिलं का, ते मी विचारलं नाही.

सगळे जेवायला गेले तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले, गळ्यात हार तसाच. “बाई, बोरजाईची शीव काढता का एकदा?”

मी कपाट उघडलं. त्यांनी गुंडाळी टेबलावर उलगडली आणि डाव्या कोपऱ्यावर तळहात ठेवून उभे राहिले. मी दुसरीकडं बघत कागद लावत बसले. मग त्यांनी नकाशा गुंडाळला, नाडी बांधली, माझ्या हातात दिला, आणि ते रजिस्टरावर वाकले. तारीख, नाव, नकाशा नंबर. बारीक टोकाच्या पेन्सिलीनं कारण लिहिलं, सही केली आणि छत्री घेऊन गेले. व्हरांड्यातली बांधाची माणसं त्यांना वाट करून देताना मला खिडकीतून दिसली.

मी रजिस्टर पुढं ओढलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘आजोबांची भेट’.

असलं कारण नियमात बसत नाही. कुणी तपासणीला आलं असतं तर मला जाब द्यावा लागला असता. पण कपाट माझं होतं. मी खाली सही केली.